पहिल्या तीन रिंगा नानांच्या

“या साहेब, बसा,” नाना म्हणाले आणि मी दारातच थबकलो.

नाना मला साहेब म्हणत नसत. ‘अरे प्रकाश’ म्हणत, खुशीत असले तर ‘भाऊ’ म्हणत. साहेब हा शब्द त्यांनी वीज मंडळ आणि विक्रीकर खात्यासाठी राखून ठेवला होता. तो माझ्या वाट्याला आला, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

फैजपूरचं त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस एरवी सकाळपासून गजबजलेलं असे. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. दिवाणजी खिडकीबाहेर बघत होते. बाकावर नानांची थोरली बहीण सिंधूअक्का बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर दोन्ही हात आणि नजर थेट माझ्यावर. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, “अक्का, येताना तुमची बाग बघितली. घड काय झकास पडलेत बांधावर. ट्रकची भरणी जोरात दिसते.”

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले.

“भरणी कशात करू रे भाऊ?” अक्का म्हणाली. “तुह्या कम्प्युटरात?”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अक्काची बाग आदल्या दुपारी कापून झाली होती. माल न्यायला येणारा ट्रक आलाच नव्हता. ज्यांना केळीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड झाडावर आहे तोवर त्याला घाई नसते. कापला की त्याचं घड्याळ चालू होतं. आमच्याकडची केळी ट्रकने दिल्लीला जाते आणि ती तिथे हिरवीच पोचावी लागते. बांधावर उन्हात पडून राहिलेला घड वाटेतच पिवळा पडायला लागतो, आणि तसला माल दिल्लीचा व्यापारी उतरवून घेत नाही. अक्काचं वर्षभराचं पीक केळीची पत्ती पांघरून बांधावर पडलं होतं आणि मी त्याची तारीफ केली होती.

“आणि हे तुमच्या यंत्रानं केलं,” नाना म्हणाले.

मी चक्क हसलो. माझं यंत्र फोन उचलून केळीचा भाव सांगायचं. ट्रक अडवणं किंवा बाग कापणं त्याच्या कुवतीबाहेरचं होतं. तसं मी नानांना सोप्या भाषेत समजावलंही. ते शांतपणे ऐकून घेत होते. शांत नाना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आता थोडं मागे जातो.

मी मूळचा टेलिफोन खात्यातला. धुळ्याच्या एक्सचेंजमध्ये काही वर्षं काढली, मग नोकरी सोडून जळगावात स्वतःचं काम सुरू केलं. काम म्हणजे ईपीएबीएक्स बसवणं आणि दुरुस्त करणं. ईपीएबीएक्स म्हणजे कंपनीच्या आतलं छोटं एक्सचेंज. मालकाने केबिनमधून दोन आकडे दाबले की गोदामात घंटी वाजते आणि तिथला माणूस फोन उचलत नाही, अशी ती सोय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. डाळ मिलवाले, पाइपवाले, सोन्याचे दुकानदार, सगळ्यांना ते हवं होतं. माझ्याकडे एक कम्प्युटर, एक मॉडेम आणि गरजेपेक्षा बराच जास्त आत्मविश्वास होता.

नानांचं दुखणं वेगळं होतं. केळीचा भाव दुपारी निघायचा आणि तो निघाला की पंचक्रोशीतून त्यांना फोन सुरू व्हायचे. ‘नाना, आज काय निघाला?’ एकाच आकड्यासाठी संध्याकाळपर्यंत बोलून बोलून त्यांचा घसा बसायचा. त्यांना फोन उचलून भाव सांगणारं यंत्र हवं होतं.

तयार यंत्र महाग होतं. पण त्या काळात इंटरनेटवर एक नवीनच प्रकार माझ्या हाती लागला होता. जगभरातले काही लोक प्रोग्राम लिहायचे आणि फुकट वाटायचे. नुसता प्रोग्रामच नाही, तो आतून कसा लिहिलाय तो मजकूरही, म्हणजे सोर्स कोड, उघडा ठेवायचे. तुम्ही तो वाचा, बदला, आणि बदल चांगला असेल तर परत पाठवा. त्या पाठवलेल्या तुकड्याला पॅच म्हणतात. टेलिफोन हाताळणारा असा एक प्रोग्राम मला सापडला. तो सांभाळणारा हेन्रिक नावाचा माणूस कुठल्याशा थंड देशात बसलेला होता. त्याला मी कधी पाहिलं नाही. जळगावातून नेट लावायचं म्हणजे नाशिकला एसटीडी कॉल करायचा, त्यामुळे आमची मैत्री तशी महागच होती.

नानांच्या ऑफिसात मी दोन कम्प्युटर बसवले. पहिला फोनच्या लाइनला जोडलेला. दुसरा दिवाणजींच्या टेबलावर. दिवाणजी त्यात भावाचा आकडा टाइप करायचे. दोघांच्या मधे एक केबल. फोन आला की पहिला दुसऱ्याला विचारायचा, दुसरा भाव सांगायचा आणि पहिला तो माझ्या आवाजात ऐकवायचा. माझा आवाज मला फार आवडायचा.

बसवताना नानांनी एकच अट घातली होती. “हे पाह्य, चौथ्या रिंगेच्या आधी तुह्या यंत्रानं फोन उचलायचा नई. पहिल्या तीन रिंगा माह्या.”

मी कारण विचारलं. ते म्हणाले, “कारण काय करायचं तुले? माह्या म्हंजे माह्या.”

मला वाटलं, जुन्या माणसाला घंटीचा आवाज ऐकायला आवडत असेल. चौथ्या रिंगेला लावून दिलं आणि विसरून गेलो.

दोन-तीन आठवडे झकास गेले. मग तक्रार आली की यंत्र कधीकधी फोन उचलतं आणि मुकं बसतं. समोरचा हॅलो हॅलो करून दमतो. दोन कम्प्युटरांच्या मधे काहीतरी चुकत होतं. पण केबलमधून काय जातंय ते दिसणार कसं?

इथे मला माझ्या आयुष्यातली सर्वात हुशार कल्पना सुचली. जळगावच्या वेशीवर त्या काळी जकात नाका होता. शहरात येणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबायचा, नाकेदार आत डोकावायचा, पावती फाडायचा आणि ट्रक पुढे जायचा. मी प्रोग्राममध्ये तसाच नाका बसवला. दोन कम्प्युटरांमधला प्रत्येक निरोप आधी नाक्यावर थांबणार, त्याची नक्कल स्क्रीनवर उमटणार आणि मग तो पुढे जाणार. रिंग आली. फोन उचलला. भाव दे. हा घे भाव. फोन ठेवला. सगळं एकाखाली एक. मूळ प्रोग्राममध्ये अशी सोय नव्हती. मी लिहिली. दुपारचे धंद्याचे तास त्यात घालवले, पण लिहिली.

नाक्यावर बसल्याबसल्या चोर सापडला. ते दिवाणजी होते. एका बोटाने टाइप करायचे. पहिला आकडा टाकला की दुसरा शोधायला चष्मा वर-खाली व्हायचा. तेवढ्या वेळात जुना भाव पुसलेला आणि नवा अर्धवट. यंत्र विचारी, दुसरा कम्प्युटर गप्प. मी दुरुस्ती केली की नवा आकडा पुरा झाल्याशिवाय जुना पुसायचा नाही. मुकेपण गेलं. नाना खूश झाले, भाऊ म्हणाले, चहाबरोबर शेवही मागवली.

इथे मी घरी जायला हवं होतं.

पण नाक्याची एक गंमत असते. बसायला मिळालं की उठवत नाही. स्क्रीनवर मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. एक रिंग येते आणि पुढे काहीच नाही. मग दोन रिंगा आणि काहीच नाही. मग पुन्हा एक. दिवसभर. यंत्र चौथ्या रिंगेला उचलणार, त्याच्या आतच समोरचा फोन ठेवून मोकळा. हेन्रिकच्या सोर्स कोडमध्ये अशा रिंगा सरळ फेकून दिल्या जात होत्या. शेजारी त्याने लिहूनही ठेवलं होतं की हा लाइनीवरचा किरकोळ कचरा आहे, लक्ष देऊ नये.

हा आजार माझ्या ओळखीचा होता. जळगावात माझ्या स्वतःच्या घरी तोच होता. रोज संध्याकाळी दोन रिंगा वाजायच्या आणि फोन बंद. मी आतली वायर बदलली होती, इन्स्ट्रुमेंट बदललं होतं, जुन्या सहकाऱ्याला खांबावरही चढवलं होतं. माझी बायको मालती म्हणायची, “राहू द्या हो, चालतंय तसं.” पण मी टेलिफोनचा माणूस. माझ्याच घरात लाइन नादुरुस्त म्हणजे डॉक्टरच्या घरात खरूज.

मी निदान केलं. लोक बिचारे भाव विचारायला फोन करतात, यंत्र चार रिंगा वाट बघायला लावतं, ते कंटाळून ठेवून देतात. औषध सोपं होतं. यंत्राने पहिल्याच रिंगेला फोन उचलायचा. नानांची अट आठवली, पण म्हटलं त्यांना चकित करू. त्याच दुपारी, कुणालाही न सांगता, चाराचा एक केला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर चूक फैजपुरात राहिली असती. मी तो नाका पॅच म्हणून हेन्रिकला पाठवला. सोबत एक लांबलचक ई-मेल. त्यात मी लिहिलं की या नाक्यामुळे ग्रामीण भारतात शेकडो फोन वाया जात असल्याचं माझ्या निदर्शनास आलं आहे. शेकडो हा आकडा मी अंदाजाने घातला होता. उपाय म्हणून पहिल्या रिंगेला उचलावं, अशी माझी शिफारस आहे.

शिफारस हा शब्द मी नोकरीत असताना फक्त वरच्यांना वापरताना पाहिलं होतं. मोठी मजा आली.

हेन्रिकचं उत्तर एका रात्रीत आलं. नाका त्याने घेतला होता. माझं नाव प्रोग्रामच्या आभाराच्या यादीत घातलं होतं. आणि शिफारस मान्य करून पुढच्या आवृत्तीत सगळ्यांसाठीच पहिली रिंग ठरवून टाकली होती. मी ते उत्तर छापून घेतलं आणि शेजारच्या दुकानदारांना दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव त्यांनी ओळखलं.

दुसऱ्याच दिवशी नानांचा निरोप आला की या. आणि मी येऊन बसलो होतो अक्कासमोर, केळीची तारीफ करून.

“यंत्र आता पहिल्याच रिंगेला उचलतं. पहिल्यासारखं करून द्या,” नाना म्हणाले. “बाकी काही विचारू नका.”

मी ऐकायला तयार नव्हतो. मी नाक्याचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “नाना, हे बघा. या सगळ्या कापल्या गेलेल्या रिंगा. एवढे लोक फोन करून निराश होत होते. आता एकही नाही.”

नाना स्क्रीनकडे बघतच राहिले. मग दिवाणजींकडे बघितलं. दिवाणजींनी अक्काकडे.

“हे बठ्ठं यात दिसतं?” नानांनी हळू आवाजात विचारलं.

“सगळं.”

“आणि तुमी आधी टेलिफोन खात्यात व्हते.”

“हो. धुळ्याला.”

“हं,” नाना म्हणाले. ऑफिसातला एक माणूस उठून बाहेर गेला. नंतर कळलं की त्याने बाजारात जाऊन सांगितलं, जयगावचा, म्हणजे जळगावचा, साहेब फोनात नाकेदार बसवून गेला. त्या दिवशी फैजपुरात लोक फोनकडे पाठ करून बोलत होते.

असा आमचा तिढा पडला होता. मला काही कळत नव्हतं आणि ज्यांना कळत होतं ते सांगत नव्हते. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला आणि दगडूआप्पा आत आले.

दगडूआप्पा धुळ्याकडचे. नानांचे सर्वात जुने ड्रायव्हर. काल न आलेला ट्रक त्यांचाच. अंगावर ग्रीस, डोळे लाल. त्यांनी आल्याआल्या नानांना रामराम घातला नाही. सरळ यंत्रापुढे जाऊन उभे राहिले.

“हाऊच का तो?” त्यांनी विचारलं. “भाव सांगणारा?”

मी म्हणालो, “यंत्र माझं आहे आप्पा. आवाजही माझाच.”

“तुन्हा शे का?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “भाऊ, बिजासन घाटमा मन्ही गाडी बंद पडनी. शेंधव्यानी बूथवरथीन फोन कया. तीन घंट्या देवाना व्हत्यात. पहिली वाजताच तू उचलस नी माले भाव सांगस. मी काय केळी इकत लेवाले फोन करेल व्हता?”

नानांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. आप्पा खुणेने थांबणाऱ्यातले नव्हते.

“मी वरडी वरडी सांगं, आरे बाबा, गाडी अडकनी, बाग कापू नका. तू म्हनस, आजना भाव. परत फोन कया. परत भाव. तिसरा डाव बी भाव. बूथवाला माले हसे. त्येनी तिन्ही डावना पैसा लिधा.”

दिवाणजी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मग अक्काच बोलली. “सांगून टाक आता त्याले नाना. लपवून काय ऱ्हायलं?”

नानांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होते. त्यांच्या ड्रायव्हरांची वर्षानुवर्षांची रीत होती. एसटीडी बूथवरून फोन लावायचा, ठरलेल्या रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. इकडे कुणी उचलायचं नाही. फोन उचललाच नाही, तर बूथचं मीटर पडत नाही. निरोप पोचतो आणि दमडी लागत नाही. एक रिंग म्हणजे गाडी येतेय, बाग कापायला घ्या. दोन म्हणजे माल पोचला. तीन म्हणजे अडकलो, कापू नका. कोणाचा फोन ते वेळेवरून कळायचं, प्रत्येक ड्रायव्हरची वेळ ठरलेली. आणि हे सगळं माझ्यापासून लपवलं होतं, कारण मी टेलिफोनवाला. उद्या खात्यात जाऊन बोललो तर?

 मी मनातल्या मनात हिशेब मांडला. यंत्र पहिल्या रिंगेला उचलतं. म्हणजे ऑफिसात घंटी एकदाच वाजते. ड्रायव्हरला दोन द्यायच्या असोत की तीन, इकडे वाजणार एकच. एकीचा अर्थ, बाग कापा. मी बसवलेल्या यंत्राने त्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक निरोपाचा अर्थ एकच करून टाकला होता.

“काल याच्या वेळेला एक रिंग वाजली,” नाना म्हणाले. “म्हटलं, गाडी येते. मग परत एक. मग परत एक. म्हटलं, दगडू फारच घाईत दिसतो. अक्काले सांगितलं, लवकर काप.”

मी काही बोलायला गेलो, तर अक्का उठली. “बसून काय ऱ्हायले? गाडी आली ना? भरा.”

अडचण अशी की भरणीचे मजूर त्या दिवशी दुसऱ्या बागेत गेले होते. अक्काने घरातले गोळा केले, दिवाणजींना उठवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पांढरा शर्ट घातला होता. त्याचा मी उल्लेख केला. तिने तो ऐकलाच नाही.

केळीचा घड खांद्यावर घेऊन चालायला एक पद्धत असते, ती मला नव्हती. मी घड पोटाशी धरून, लेकरू घ्यावं तसा नेत होतो. देठातून चीक गळत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, केळीचा चीक कपड्यावर आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की तपकिरी होतो. मग तो डाग शर्ट संपेपर्यंत जात नाही. दगडूआप्पा ट्रकमध्ये उभे राहून पत्तीचे थर लावत होते. मी घड वर दिला की दर वेळी विचारत, “आजना भाव काय शे, भाऊ?”

दिल्ली आता शक्य नव्हती. नानांनी इंदूरच्या एका व्यापाऱ्याला फोन केला, या वेळी तोंडाने. तो म्हणाला, उद्या सकाळी हिरवा माल आला तर घेईन, मऊ असला तर परत पाठवीन. परत म्हणजे कुठे? अक्काची बाग तर रिकामी झाली होती. पीक एकदाच येतं.

ट्रक गेला. मी यंत्रावर बसलो, एकाचा पुन्हा चार केला आणि तीनदा तपासला. नाना म्हणाले, राहा आजच्या दिवस. तो आग्रह होता की अटक, ते मला कळलं नाही. राहिलो.

सकाळी ऑफिसात सगळे फोनभोवती बसलो. नाना, दिवाणजी, अक्का आणि चिकाच्या शर्टात मी. आप्पांची वेळ झाली, निघून गेली.  मधेच कुणीतरी भाव विचारायला फोन केला, यंत्राने चार रिंगांनी उचलून कालचा भाव सांगितला, माझ्या आवाजात. अक्काने यंत्राकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे सरकवली.

मग पुन्हा घंटी वाजली. एक.

कुणी हललं नाही. हात लावायची सोय नव्हती.

दोन.

आता सगळा खेळ पुढच्या घंटीचा होता. ती वाजली तर आप्पा कुठेतरी अडकलेत आणि अक्काचं पीक त्यांच्यासोबत. दिवाणजींचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की मोजत होते, कोण जाणे. मी आयुष्यभर फोन वाजावा म्हणून धडपडलो. पहिल्यांदाच तो वाजू नये म्हणून श्वास रोखून बसलो होतो.

तिसरी आली नाही.

अक्काने पदराने तोंड पुसलं. “पोचली,” ती म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून, “पाह्य, असा असते फोन.”

भाव दिल्लीपेक्षा कमी मिळाला, पण माल परत आला नाही. नुकसानीचं काय करायचं, असं मी अक्काला विचारलं. तिने पैसे मागितले नाहीत. यंत्रातला माझा आवाज काढून टाकायला सांगितला. तो ऐकला की तिला घड आठवत होते. मग कुणाचा घालायचा? नानांचा घसा वाचवायलाच तर यंत्र आणलं होतं. शेवटी अक्कालाच बसवलं. तिने सगळे आकडे एका बैठकीत म्हटले. फक्त अडचण एक झाली. चढ्या भावाचे आकडे ती लग्नाचं आमंत्रण द्यावं तसे म्हणाली आणि पडक्या भावाचे आकडे, जसं काही फोन करणाऱ्यानेच भाव पाडलाय. भाव पडला की लोक फोन करायला घाबरायचे. नानांना तेवढाच आराम.

नाक्याचं मात्र मी नीट काम केलं. हेन्रिक कचरा म्हणून फेकायचा त्या रिंगा आता नाक्यावर मोजल्या जाऊन दिवाणजींच्या स्क्रीनवर आकड्यात दिसायला लागल्या. बाहेर गेलेल्या माणसालाही आल्यावर कळायचं, इतके वाजता दोन, इतके वाजता एक. मी म्हणालो, नाना, आकड्यासमोर अर्थही दाखवतो, पोचला, कापा, कापू नका.

“नको,” नाना म्हणाले. “तू आकडा पाह्य. अर्थ आमच्याकडे राहू दे.”

राहिला होता हेन्रिक. माझ्या शिफारशीने तो पहिली रिंग जगभर लावायला निघाला होता. मी घाईघाईने ई-मेल लिहिली. फुकटच्या निरोपाची गोष्ट इंग्रजीत, तीही खात्याला न दुखावता लिहिणं सोपं नव्हतं. उलटसुलट चार पत्रं झाली. त्याचं सार असं:

त्याने विचारलं, म्हणजे फोन करणाऱ्याला तो उचलला जायला नको आहे?

मी लिहिलं, बरोबर.

आणि ज्याला फोन येतो त्यालाही उचलायचा नाही?

बरोबर.

मग तुमच्या पॅचने बिघाड नेमका कुठला दुरुस्त केला?

 त्याने पुढच्या आवृत्तीत किती रिंगांनंतर उचलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं अशी सोय केली, मोजलेल्या रिंगा ठेवल्या आणि कचरा हा शेरा काढला. माझं नाव आभाराच्या यादीत तसंच होतं. ती ई-मेल मी छापली नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी चहा घेत होतो. फोन वाजला. एक, दोन, बंद. मी सवयीने उठलो, पक्कड घ्यायला.

“बसा,” मालती आतून म्हणाली. “धुळ्याला माझी आई जेवली.”

मी पक्कड खाली ठेवली. “म्हणजे?”

“दोन रिंगा म्हणजे जेवली, तब्येत ठीक. आपलं लग्न झालं तेव्हापासून.”

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही टेलिफोनवाले,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

नंतर मी शेकडो यंत्रं बसवली असतील. हा आकडाही अंदाजानेच घातलाय. पण प्रत्येक ठिकाणी आधी विचारतो, किती रिंगांनी उचलू? कुणी दोन सांगतं, कुणी पाच, एका सोनाराने सात सांगितल्या. का, ते मी विचारत नाही. सांगितलेला आकडा टाकतो, पुन्हा एकदा तपासतो आणि शेव येण्याच्या आत निघतो.